दोन जिवांचं जेवण, मिठाचं पाकीट आणि सोप्यावरच्या फेऱ्या : गरोदरपणात हृदय सांभाळायचं कसं

माझ्या दुसऱ्या वेळी, २९ व्या आठवड्यात, चेकअपला बीपी १३८/८८ आलं. तोपर्यंत मला वाटायचं बीपी म्हणजे सासऱ्यांचा प्रॉब्लेम, माझा काय संबंध. डॉक्टर बाई घाबरल्या नाहीत, पण म्हणाल्या की अजून लाइनच्या आत आहे तरी आवडलं नाही मला, घरी मशीन घ्या, आठवडाभर लिहून ठेवा, आणि काय खाता ते पण लिहा. ते लिहायला बसले तेव्हा कळलं की आमच्या घरचं जेवण पौष्टिक आहे पण त्यात मीठ किती जातंय याचा कोणालाच पत्ता नाही, आणि ऑफिस धरून मी दिवसाचे नऊ तास खुर्चीत असते.

मी डॉक्टर नाही. जे खाली लिहिलंय ते डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि दोन बाळंतपणं यांच्याकडून गोळा केलेलं आहे, गोव्यातल्या घरात जमेल अशा क्रमाने मांडलंय. तुमच्या डॉक्टरने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

आधी हे समजून घ्या की काम कोणाचं वाढलंय

माझी सासू, आम्ही मांय म्हणतो, रोज वाढताना एकच वाक्य म्हणायची, "अगो, दोन जिवांची तूं, आनीक मातशें शीत घे." म्हणजे अजून थोडा भात घे. प्रेमाने म्हणायची, त्यामुळे नाही म्हणता येत नाही. पण दोन जिवांचं काम खरं तर हृदय करत असतं. गरोदरपणात अंगातलं रक्त सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, हृदयाला दर मिनिटाला ३० ते ५० टक्के जास्त रक्त फेकावं लागतं, नाडी मिनिटाला १० ते २० ठोक्यांनी वाढते. जिना चढताना दम लागतो त्याचं एक कारण हेच. आणि पोटाला या सगळ्यासाठी किती जास्त लागतं? दुसऱ्या तिमाहीपासून दिवसाला साधारण ३५० कॅलरी. म्हणजे एक कप दूध, एक केळं आणि मूठभर शेंगदाणे, संपलं. दुसरं ताट नाही.

वजनाचंही तसंच. आधी वजन नॉर्मल असेल तर नऊ महिन्यांत ११.५ ते १६ किलो वाढ चालते, आपल्याकडे बहुतेक डॉक्टर १० ते १२ सांगतात, आणि आधीच जाड असाल तर त्याहून कमी, ७ ते ११ च्या आसपास. हा आकडा तुमच्या डॉक्टरकडून पहिल्याच भेटीत मागून घ्या आणि फाइलवर लिहा, कारण सातव्या महिन्यात विचारून उपयोग नसतो.

पायरी पहिली : तपासण्या आणि जुनी दुखणी

खाणं-चालणं बदलायच्या आधी तुमचं हृदय कुठल्या अवस्थेत आहे ते माहीत पाहिजे. पहिल्या भेटीत बीपी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, लघवी आणि साखर. साखरेसाठी सरकारी दवाखान्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात, १४० किंवा वर आलं तर गरोदरपणातला डायबिटिस धरतात, आणि पहिल्यांदा नॉर्मल आलं तरी २४ ते २८ आठवड्यांत परत करायचं असतं. प्रायव्हेटला जात असाल तरी एक माहीत असू दे, दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर फुकट तपासणी असते, २०१६ पासून चालू आहे.

आता जुनी दुखणी. लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का, कोणी दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायला सांगितलं होतं का, "हृदयात आवाज आहे" असं शाळेच्या तपासणीत कोणी म्हणालं होतं का? हे सांगायला बायका विसरतात किंवा सासरी कळेल म्हणून लपवतात. नका लपवू. संधिवाताच्या तापाने खराब झालेली हृदयाची झडप वर्षानुवर्षं गप्प बसते आणि गरोदरपणात रक्त वाढलं की मग त्रास द्यायला लागते, आपल्या देशात हे अजूनही बऱ्याच बायकांमध्ये पहिल्यांदा गरोदरपणातच सापडतं. एक इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला की कळतं. अशी झडपेची अडचण निघाली तर खालची व्यायामाची पायरी तुम्हाला जशीच्या तशी लागू नाही, कार्डिओलॉजिस्ट सांगतील तेवढंच.

आधीपासून बीपीची गोळी चालू असेल तर दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरला फोन, कारण ज्यांच्या नावाच्या शेवटी "प्रिल" किंवा "सार्टन" येतं त्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, बदलून मिळतात. स्वतःहून बंद करून बसू नका, तेही वाईट. आणि पहिल्या वेळी बीपी वाढलं होतं, किंवा जुळं आहे, डायबिटिस आहे, किडनीचा आजार आहे, तर कमी डोसची ॲस्पिरिन लागेल का हे १२ व्या आठवड्याच्या सुमाराला नक्की विचारा, ती वेळेत सुरू केली तरच उपयोगी पडते.

पायरी दुसरी : घरी बीपी मोजायला शिका

दंडाला बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, लहान पट्ट्यावर आकडा उगाच जास्त येतो. लघवीला जाऊन या, पाठ टेकून खुर्चीवर ५ मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, एकावर एक नाही, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही. एक मिनिटाने परत मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. आमच्याकडे माझं मोजताना मांय हमखास विचारायची "कितलें आयलें गो?" आणि मी उत्तर दिलं की आकडा पाच-सातने वर. शेवटी ती स्वयंपाकघरात गेली की मगच पट्टा बांधायचे.

१४०/९० किंवा वर दोन्ही वेळा आलं तर त्याच दिवशी डॉक्टरला कळवा. १६०/११० आलं तर फोनची वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल. एक गंमत सांगते, मधल्या महिन्यांत बीपी आपोआप थोडं खाली जातं आणि शेवटच्या तिमाहीत परत चढतं, त्यामुळे २० व्या आठवड्यात ११०/७० बघून "माझं काय, माझं लो-च असतं" म्हणून मशीन कपाटात टाकू नका. मी टाकलेलं नव्हतं, कारण माझ्याकडे मशीनच नव्हतं.

पायरी तिसरी : मीठ, यावर जरा जास्त बोलणार

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, त्यात सगळं आलं. आता आपण कोण चमच्याने मोजून घालतो? मी एक साधी युक्ती केली, नवीन एक किलोचं पाकीट फोडलं त्या दिवशी त्यावर पेनने तारीख लिहिली. घरात चार माणसं, प्रत्येकी ५ ग्रॅम धरलं तर ते ५० दिवस पुरलं पाहिजे. आमचं २७ व्या दिवशी संपलं. हिशोब करा, माणशी नऊ ग्रॅमच्या वर, आणि यात पाव, पापड, लोणचं, खारें (खारवलेली सुकी मासळी) काहीच धरलेलं नाही. हां, थोडं मीठ मासळी धुण्यात जातं, ते वजा करा, तरी पण.

गोव्यात मीठ कुठे कुठे लपलेलं असतं ते बघा. पुरुमेंताची बरणी, म्हणजे पावसाळ्याची साठवण, सगळी मिठावरच उभी असते: खारो बांगडो, सुकी सुंगटं (कोळंबी), मिठाच्या पाण्यातल्या तोरां (कैऱ्या), मिसकूट (कैरीचं लोणचं), पापड. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद, ताजी मासळी महाग, मग किस्मूर, म्हणजे सुक्या मासळीची कोशिंबीर, आणि भाजलेलं खारें रोज ताटात येतं. माझे सातवा-आठवा महिना नेमके जून-जुलैत आले. मग आम्ही ठरवलं, खारें आठवड्यातून एकदा, तेही तासभर पाण्यात भिजवून, पाणी दोनदा बदलून, आणि त्या दिवशी लोणचं-पापड नाही. चोरीस, म्हणजे गोव्याचं सॉसेज, तर नऊ महिने पूर्ण बंद, त्यात मीठ आहेच आणि वर डुकराची चरबी.

आगळ बघून घ्या. दुकानातलं किंवा घरचं, कोकमाच्या आगळात मीठ भरपूर असतं, त्यामुळे सोलकढीत आगळ घातलं की वरून वेगळं मीठ नको. पावातही मीठ असतं हे लोक विसरतात, सकाळी दोन उंडे, संध्याकाळी भाजी-पाव, झालं की.

कमी करायचं कसं? एकदम अर्धं केलं तर घरात भांडण होतं, अनुभव आहे. दर आठवड्याला चिमूटभर कमी करा, जीभ दोन-तीन आठवड्यांत जुळवून घेते. आंबटपणा वाढवला की मीठ कमी लागतं, आणि आपल्याकडे आंबटाला तोटा नाही, बिंबलां आहेत, कैरी आहे, लिंबू आहे. तेफळां, आलं, लसूण, हिरवी मिरची यांनी हुमण, म्हणजे माशाची आमटी, उभं राहतं. पहिल्या आठवड्यात मांय म्हणाली "हुमणाक मीठ उणें जालां", दुसऱ्या आठवड्यात काही बोलली नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात नणंद माहेरपणाला आली आणि तिच्या हातचं खाऊन मांयच म्हणाली की खारट झालंय.

तीन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. एक, अळणी जेवू नका. मीठ एकदम तोडून प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी चढून होणारा धोक्याचा आजार, टळतो असं नाही, तो वारेपासून (प्लासेंटापासून) सुरू होतो, मिठापासून नाही, प्रमाणात खायचं ते एकूण हृदयासाठी आणि आधीच चढत्या बीपीसाठी. दोन, मिठागरातलं गावठी खडे मीठ चवीला छान असतं पण त्यात आयोडीन मिसळलेलं नसतं आणि गरोदरपणात बाळाच्या मेंदूसाठी आयोडीन लागतंच, म्हणून रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठ, गावठी मीठ मासळी धुवायला. सैंधव मिठाचं पण तेच, त्यात सोडियम काही कमी नसतं, उगाच महाग. तीन, "लो सोडियम" मिठात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास किंवा काही गोळ्या चालू असतील तर न विचारता वापरू नका.

पायरी चौथी : ताट

ताटाचे मनात चार भाग करा. दोन भाग भाज्या, एक भाग शीत किंवा पोई (गोव्याचा कोंड्याचा पाव), एक भाग मासळी, डाळ, कडधान्य किंवा अंडं. आपल्याकडे उलटं असतं, शिताचा डोंगर, त्यावर हुमण, आणि भाजी बोटाला लावायला. शीत सोडायला नको, उकड्या तांदळाचंच ठेवा, फक्त डावाने मोजून, आणि भाजीची वाटी दोनदा. तांबडी भाजी, वाल, भेंडी, दुधी, पडवळ, जे बाजारात आहे ते. खतखतं केलं की एकाच भांड्यात आठ-दहा भाज्या आणि तूरडाळ, मला विचाराल तर गरोदर बाईला याहून चांगलं जेवण नाही, फक्त चतुर्थीची वाट बघत बसू नका.

मासळी सोडू नका हो. "गरोदर बाईने मासे खाऊ नयेत" असं काही नाही, उलट बांगडे, तारले, पेडवे यांत ओमेगा-३ असतं ते हृदयाला आणि बाळाच्या मेंदूला दोघांना हवं, आणि हे सगळे स्वस्तातले मासे आहेत. आठवड्यात दोन-तीन वेळा, तळहाताएवढा तुकडा धरा, एकूण २२५ ते ३४० ग्रॅम. टाळायचे ते मोठे, दुसरे मासे खाऊन वाढणारे, कारण त्यांच्यात पारा साठतो. मोरी, म्हणजे शार्क, पूर्ण बंद. इसवण, म्हणजे मुंबईकडची सुरमई, कधीतरी एक तुकडा ठीक, रोजची करू नका. लग्नात इसवणाचा तुकडा वाढला की मान, बांगडा वाढला की गरिबी, असं आपल्याकडे चालतं, गरोदरपणात नेमकं उलटं बघायचं. तिसऱ्यो, शिणाण्यो या शिंपल्या पूर्ण शिजवून, तोंड न उघडलेल्या फेकून द्या. आणि रव्यात घोळून तेलात पोहणारा मासा रोज नको, हुमण करा, किंवा तव्यावर चमचाभर तेलात, किंवा हळदीच्या पानात गुंडाळून.

शाकाहारी असाल, किंवा श्रावण पाळत असाल, तर मूगगाठी, अळसांद्यांचं तोणाक, कुळथाचा सार, दही, पनीर, अक्रोड, भाजलेली जवस. नाचण्याची तिझान सकाळी उत्तम, गूळ निम्मा आणि नारळाच्या रसाऐवजी दूध.

आता नारळ. मला माहितीये, इथे निम्म्या लोकांना राग येणार. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण ३३ ग्रॅम चरबी असते आणि त्यातली जवळजवळ ३० ग्रॅम सॅच्युरेटेड, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारी. नारळ विष नाही, पण हुमणात नारळ, भाजीवर नारळ, सोलकढीत नारळ, वर गोडात नारळ असं एका जेवणात चार वेळा नको. आम्ही नियम केला, एका जेवणात एकाच पदार्थात नारळ. हुमण असेल तर भाजी फोडणीची आणि सोलकढीऐवजी नुसता कोकमाचा सार. चार माणसांना पूर्वी दिवसाला एक नारळ लागायचा, आता अर्धा पुरतो. तेल माणशी दिवसाला चार छोटे चमचे, खोबरेल तेल रोजचं नको, आणि भजी तळलेलं तेल परत परत वापरू नका.

पोईबद्दल एक. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों पों ऐकला की आम्ही धावतो, आणि कोंडा लावलेली पोई बघून वाटतं गव्हाची आहे. मोडून बघा. आतून पांढरीशुभ्र असली तर तो मैदाच, कोंडा वरून शोभेला. आत तपकिरी, थोडी ओलसर, जड असली तर ती घ्या.

बाकी भराभर सांगते. मधल्या भुकेला फुटाणे, शेंगदाणे, पेरू, मयड्याचं केळं, उकडलेलं अंडं. खारी, बिस्किटं, फरसाण नको. शहाळं दिवसाला एक चालतं. आंबे आले की मानकुराद एक, तोही जेवणानंतर नाही तर मधल्या वेळी, आणि साखर वाढलेली असेल तर अर्धा. कोल्ड्रिंक बंद. कॅफिन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत, म्हणजे दोन कप कॉफी किंवा तीन-चार छोटे कप चहा. दारू अजिबात नाही, सर्दीला फेणीचा घोट सुद्धा नाही, उर्राकाच्या सीझनला कोणी कितीही आग्रह केला तरी नाही. तंबाखू नाही, मिसरी नाही, आणि घरात कोणी ओढत असेल तर त्याने बाहेर जावं.

पहिल्या तीन महिन्यांत यातलं काहीही जमलं नाही तर स्वतःला दोष देऊ नका. मला सहा आठवडे फक्त पेज आणि लिंबू पोटात राहायचं. जे राहील ते खा, थोडं थोडं, दर दोन तासांनी. पाणीसुद्धा पोटात राहत नसेल किंवा लघवी कमी झाली तर मात्र डॉक्टर.

पायरी पाचवी : गोळ्यांची वेळ

लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी दुसऱ्या तिमाहीपासून रोज, सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, निदान १८० दिवस. कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. रक्त कमी असलं की हृदयाला तेवढाच प्राणवायू पोचवायला जास्त पळावं लागतं, म्हणून लोहाची गोळी ही हृदयाचीच गोळी समजा. ज्यांच्या जेवणात कॅल्शियम कमी असतं त्यांच्यात कॅल्शियमच्या गोळ्यांनी प्रीएक्लॅम्पसियाचा धोका कमी होऊ शकतो.

पण दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह अंगाला लागत नाही. मी असं केलं, कॅल्शियम सकाळच्या नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर, लोह दुपारी ऑफिसात जेवणानंतर तासाभराने लिंबूपाण्याबरोबर. चहा त्याच्या आधी-नंतर तासभर नाही. आमच्या ऑफिसात तीनचा चहा म्हणजे धर्म, त्यामुळे गोळी दोनला. शी काळी होते, घाबरू नका.

पायरी सहावी : चालणं

डॉक्टरने व्यायामाला हो म्हटलं असेल तर आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे ३० मिनिटं पाच दिवस. नियमित हालचालीने बीपी वाढायचा आणि साखर वाढायचा, दोन्ही धोके कमी होतात. वार खाली असेल, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल, रक्तस्राव होत असेल, प्रीएक्लॅम्पसिया किंवा हृदयाचा मोठा आजार असेल तर हे तुमच्यासाठी नाही.

सवय नसेल तर पहिला आठवडा रोज १० मिनिटं. दुसरा आठवडा १० सकाळी, १० रात्री जेवणानंतर. तिसऱ्यात १५-१५. झाले की ३०. एकदम चालायलाच पाहिजे असं नाही, तुकडे जोडले तरी मोजतात, आणि जेवणानंतरच्या दहा मिनिटांनी साखर चांगली उतरते. वेग किती? चालता चालता शेजारणीशी बोलता यायला हवं, पण घुमट आरतीचा वरचा सूर लावता येऊ नये. बोलतानाच धाप लागत असेल तर हळू व्हा. नाडीचे आकडे मोजत बसू नका, ती मुळातच वाढलेली असते.

गोव्यात खरा प्रश्न जागेचा आणि हवेचा. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसहाच्या आत किंवा सूर्य बुडल्यावर, दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग तापतं, म्हणून बाटली बरोबर. पणजीत असाल तर कांपाल ते मिरामार फुटपाथ सपाट आहे, मऊ वाळूत मात्र पोट मोठं झाल्यावर नको, पाय मुरगळतो. गावात असाल तर देवळाचं प्रांगण बरं, गाड्या नाहीत, कुत्रे कमी, दुपारी फक्त फरशी तापते. पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तिथे गरोदर बाईने हिरोगिरी करायची नाही. मी जून-जुलै सगळं आमच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, चालले. या टोकापासून त्या टोकापर्यंत १९ पावलं, मांय मध्ये सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली, मी तिला वळसा घालायची, आणि ती मोजायची, कारण मी मोजताना विसरायची. "चाळीस जाले, बस आतां." मग पाच तिच्याकडून जास्त मागून घ्यायची.

पायरी सातवी : घरातला व्यायाम, १० मिनिटं

आठवड्यातून दोन-तीनदा. खुर्चीवर बसून-उठून दहा वेळा, हातांचा आधार न घेता, खुर्ची भिंतीला टेकलेली. भिंतीवर हात ठेवून पुढे-मागे दहा वेळा. ओट्याला धरून टाचा वर-खाली वीस वेळा, याने पायातलं रक्त वर ढकललं जातं आणि सूज कमी वाटते, ऑफिसात दर तासाला उठून हे केलं तरी फरक पडतो. मार्जारासन आठ-दहा वेळा, कंबरेला सुख. ओटीपोटाच्या स्नायूंचा, म्हणजे लघवी धरल्यासारखं आवळून पाच सेकंद, सोडून पाच सेकंद, दहा वेळा, हे बसमध्ये बसूनही होतं.

श्वास कोंडायचा नाही, कुंभक नाही, कपालभाती नाही. तीन-चार महिन्यांनंतर पाठीवर पडून करायचे व्यायाम नकोत, पोटाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो, हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं आणि चक्कर येते. झोपताना शेवटच्या तिमाहीत कुशीवर, आणि उठताना आधी कुशीवर वळून हाताने रेटा देऊन. स्विमिंग पूल असेल तर पोहणं सगळ्यात छान, समुद्रात नको, लाटेचा भरवसा नाही. पाहुणे आले की त्यांच्याबरोबर पॅरासेलिंग, जेट-स्की, स्कुबा करायची हौस येते, या वर्षी किनाऱ्यावर बसून फोटो काढा. विहिरीवरची भरलेली कळशी कंबरेवर पण नको.

कधी थांबायचं, कधी धावायचं

व्यायाम करताना छातीत दुखलं, चक्कर आली, रक्त किंवा पाणी गेलं, पोट ठराविक वेळाने आवळायला लागलं, एकाच पोटरीत दुखून सूज आली, तर थांबा आणि फोन करा.

आणि व्यायाम असो नसो, ही लक्षणं घरातल्या सगळ्यांना पाठ पाहिजेत: न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांसमोर काजवे किंवा अंधुक, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, चेहरा आणि हात अचानक सुजणं, आठवड्यात एकदम किलो-दीड किलो वजन वाढणं. ही प्रीएक्लॅम्पसियाची. हृदयाची वेगळी: आडवं पडलं की दम लागणं, रात्री धाप लागून उठून बसावं लागणं, बसल्या जागी धडधड, बेशुद्ध पडणं. जिना चढून दम लागला आणि दोन मिनिटांत बसला तर ते साधं, उशा वाढवत वाढवत बसून झोपायची वेळ आली तर साधं नाही. १०८ ला फोन करा. "ॲसिडिटी असेल, सोडा पी" असं म्हणणारं एक माणूस प्रत्येक घरात असतं, त्याचं त्या दिवशी ऐकू नका.

माझं काय झालं? बीपी १३० च्या घरात राहिलं, ३६ व्या आठवड्यात एकदा १४२/९० आलं, गोळी सुरू झाली, मी घेतली. मीठ कमी केलं, चालले, तरी गोळी लागली, लागू शकते. खाणं आणि चालणं गोळीच्या जागी नाही, तिच्या बरोबरीने आहे. त्यामुळे कोणी तुम्हाला म्हणालं की अमुक काढा घे आणि गोळी सोड, तर काढा त्यालाच द्या.

बाळंतपणानंतरचा भाग, जो कोणी सांगत नाही

बाळ झालं की सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं आणि मशीन कपाटात. पण बीपी बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात परत चढू शकतं, प्रीएक्लॅम्पसिया सहा आठवड्यांपर्यंत होऊ शकतो, आधी बीपी अगदी नॉर्मल असलेल्या बाईलाही. म्हणून पहिले दहा दिवस रोज मोजा, आणि वरची लक्षणं तेव्हाही तेवढीच खरी. डिंकाचे लाडू, अळीव, तूप हे चालू होतं, मी पण खाल्ले, पण दिवसाला एक छोटा लाडू, चार नाही. चाळीस दिवस खाटेवरच पडून राहायचं असं काही नाही, नॉर्मल डिलिव्हरी असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून खोलीतल्या खोलीत फेऱ्या, सिझेरियन असेल तर डॉक्टर म्हणतील तेव्हापासून, पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून हालचाल लागतेच.

सहा आठवड्यांच्या भेटीला बाळाच्या लसीबरोबर स्वतःचं बीपी आणि, साखर वाढलेली होती तर, साखर पण करून घ्या. ज्यांना प्रीएक्लॅम्पसिया झाला होता त्यांना पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो, त्यामुळे दरवर्षी एकदा बीपी, साखर, कोलेस्टेरॉल. डिस्चार्ज पेपर आणि बीपीची वही बाळाच्या लसीच्या कार्डाबरोबर एकाच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि दहा वर्षांनी दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरने "आधी काही त्रास होता का?" विचारलं तर "नाही, फक्त बाळंतपणात जरा बीपी" असं पुटपुटू नका, वही उघडून दाखवा.